रिकाम्या बाटल्यांचे अर्थकारण

1977 साली कोका-कोला भारतातून गेली आणि तिच्या जागी थम्स अप येऊन बसले, ही गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. पात्रेही ठरलेली. एका बाजूला अमेरिकन कंपनी आणि तिचे कुलूपबंद सूत्र. दुसऱ्या बाजूला उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि 1973 चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे 'फेरा'. मग मुंबईचे चौहान बंधू देशी कोला काढतात, सोळा वर्षे राज्य करतात, आणि 1993 साली तीच अमेरिकन कंपनी परत येऊन थम्स अप विकत घेते. गोष्ट हळहळीवर संपते.

सांगायला ही गोष्ट छान आहे, पण एका साध्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही. मैदान काही एकट्या चौहानांच्या पार्लेसाठी मोकळे झाले नव्हते. केंद्र सरकारने स्वतः 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याचे मिश्रण तयार केले आणि ब्रेड बनवणाऱ्या सरकारी मॉडर्न कंपनीने तो बाजारात आणला. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला आणला. मुंबईत ड्यूक्सचे नाव तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले होते. संधी सगळ्यांना एकाच वर्षी मिळाली. मग देशभर पसरली ती पार्लेच का?

याचे उत्तर 1977 मध्ये सापडत नाही. ते त्याच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांत आहे, आणि ते चवीपेक्षा काचेच्या बाटलीशी जास्त निगडित आहे.

पार्ले हे नाव विलेपार्ल्यावरून आले. मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 साली तिथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला. दहा वर्षांनी बिस्किटे सुरू झाली. पुढे कुटुंबाच्या शाखा वेगळ्या झाल्या. बिस्किटे एकीकडे राहिली, तर थंड पेयांचा धंदा जयंतीलाल चौहान आणि त्यांचे मुलगे रमेश व प्रकाश यांच्याकडे आला. पन्नाशीच्या दशकात आलेले संत्र्याच्या चवीचे गोल्ड स्पॉट हे या शाखेचे पहिले मोठे नाव. नंतर लिंबाच्या चवीची लिम्का आली. 1969 साली चौहानांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चालणारी बिसलेरी चार लाख रुपयांना घेतली, तीही पाण्यापेक्षा सोड्यासाठी. बाटलीतले पाणी विकत घेऊन पिणारे गिऱ्हाईक तेव्हा पंचतारांकित हॉटेलांपलीकडे फारसे नव्हतेच.

पार्लेच्या आधीही महाराष्ट्रात सोडा-लेमोनेडचे कारखाने होते. मुंबईत पालनजी 1865 पासून, पुण्यात अर्देशीर 1884 पासून. दिनशाजी कुंवरजी पंडोल यांनी 1889 साली मुंबईत ड्यूक्स सुरू केले. पंडोल स्वतः क्रिकेटपटू होते, त्यामुळे क्रिकेटच्या चेंडूवरचे नाव त्यांनी आपल्या सोड्याला दिले असे सांगतात. पारशी-इराणी हॉटेलांत रास्पबेरी आणि जिंजर यांचा दबदबा होता, पेयेही उत्तम होती. पण ही नावे बहुतांशी आपापल्या शहरातच राहिली. नगर-नाशिकच्या बाजारपेठेत पुण्याचा अर्देशीर मिळत नसे. यात मालकांचा आळस शोधण्यापेक्षा मालाचे वजन पाहिलेले बरे.

थंड पेयाच्या धंद्यातली सगळ्यात हलकी वस्तू म्हणजे अर्क आणि सगळ्यात जड वस्तू म्हणजे काच. अर्काचा एखादा ड्रम रेल्वेने कुठेही पाठवता येतो. बाटलीचे तसे नाही. कारखान्यात पाणी शुद्ध करायचे, त्यात साखरेचा पाक आणि अर्क मिसळायचा, दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि पत्र्याचे बूच ठोकायचे, इथपर्यंत काम सोपे असते. अडचण पुढे येते. अडीचशे मिलिलिटर पेयासाठी त्याच्याहून जड काच ट्रकमध्ये चढते. चोवीस बाटल्यांचा एक क्रेट, असे शेकडो क्रेट खडखडत दुकानादुकानाला जातात. दुकानदार क्रेट उतरवून घेतो आणि तितक्याच रिकाम्या बाटल्या परत देतो. एक कमी पडली की डिपॉझिट कापले जाते. म्हणून तर पानपट्टीवाला गिऱ्हाइकाला बाटली घेऊन फार लांब जाऊ देत नसे. 'इथंच प्या' हे त्याचे वाक्य चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी ऐकलेले असेल.

त्या काळातली एखादी बाटली उजेडात धरून पाहिली तर तिच्या खांद्यावर आणि बुडाजवळ पांढुरके, खरखरीत वलय दिसे. शेजारच्या बाटल्यांशी घासून घासून काच झिजलेली असे. तीच बाटली कारखान्यात परत जाई, गरम कॉस्टिक सोड्यात धुतली जाई, भरली जाई आणि पुन्हा ट्रकवर चढे. वलय जितके जाड तितक्या तिच्या खेपा जास्त झालेल्या. मालकाचा नफा या खेपांत होता. बाटली एका हंगामात जितक्या वेळा फिरेल तितका तिच्यात अडकलेला पैसा लवकर सुटणार. ती दुकानाच्या मागच्या बाजूला पडून राहिली की भांडवल कुजणार. आतल्या पेयापेक्षा बाटली महाग, अशी ही उलटी तऱ्हा.

अशा धंद्यात एका शहरातून देश सांभाळता येत नाही. जिल्ह्या-दोन जिल्ह्यांमागे एक बॉटलिंग कारखाना हवा. त्याचा मालक स्थानिक हवा, त्याला रस्ते, दुकानदार, जत्रा, लग्नसराई आणि उधारी वसूल करण्याच्या तऱ्हा ठाऊक हव्यात. आणि त्याने स्वतःचे पैसे काच, ट्रक आणि यंत्रे यांत ओतायला हवेत. मुख्य कंपनीने अर्क आणि नाव द्यायचे. बाकीचा जुगार बॉटलरने खेळायचा.

खुद्द कोका-कोलाची वाढसुद्धा अशीच झाली. अटलांटाच्या जॉन पेंबर्टन या औषध विक्रेत्याने 1886 साली पेय बनवले आणि 1888 साली तो वारला. त्याच्या हयातीत या सूत्रातून फारसे काही निघाले नाही. एसा कँडलर याने हक्क मिळवले आणि 1892 साली कंपनी स्थापन केली. तोसुद्धा ग्लासातून विकल्या जाणाऱ्या पेयाच्याच नादात होता. 1899 साली चॅटनूगाचे दोन वकील, बेंजामिन टॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, त्याच्याकडे गेले आणि अमेरिकेतल्या बहुतेक भागात हे पेय बाटलीत भरून विकण्याचा हक्क त्यांनी मागितला. कँडलरला त्यात काही दम दिसला नाही. करारात एक डॉलर किंमत लिहिली गेली आणि तो डॉलरही त्याने कधी वसूल केला नाही, असे म्हणतात. दहा वर्षांच्या आत अमेरिकेत जवळपास चारशे बॉटलिंग कारखाने उभे राहिले. तिजोरीतले सूत्र जाहिरातीला उपयोगी पडले. पेय गावोगाव पोचवले ते स्वतःचे पैसे घातलेल्या या शेकडो छोट्या मालकांनी.

हा इतिहास समोर ठेवला की 1977 ची गोष्ट वेगळी दिसू लागते. कायद्यानुसार कोका-कोलाला भारतीय कंपनीतला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता. सरकार तंत्रज्ञानही मागत होते. भागभांडवल सोडायला कंपनी कबूल होती, अर्कावरचा ताबा सोडायला नव्हती. ती गेली तेव्हा अर्क गेला. पण बॉटलिंगचे कारखाने बहुतांशी भारतीय मालकांचे होते. ते इथेच राहिले. धुण्याची यंत्रे, ट्रक, लाखो बाटल्या, पगारावरचे विक्रेते, सगळे जागच्या जागी होते आणि भरायला पेय नव्हते. त्यामुळे त्या वर्षीची खरी स्पर्धा नवा कोला कोण बनवतो याची नव्हतीच. कोला बनवणे अवघड नव्हते. सरकारी प्रयोगशाळेनेही तो बनवून दाखवला. ज्याच्याकडे आधीच चालते जाळे होते त्याचाच कोला दुकानात दिसणार होता.

डबल सेव्हनकडे मंत्र्यांचा आशीर्वाद होता, नावात राजकीय वर्षाचा शिक्का होता आणि दिल्लीच्या प्रगती मैदानावर त्याचा गाजावाजाही झाला. पण ब्रेड वाटणाऱ्या यंत्रणेला रिकाम्या बाटल्या गोळा करण्याची सवय नव्हती. ब्रेडचा कागद कुणी परत मागत नाही. 1980 साली सत्ता बदलली आणि डबल सेव्हनचा वालीही गेला. कॅम्पा कोला मात्र तगला, विशेषतः उत्तरेत, आणि त्याचे कारण हाच मुद्दा पक्का करणारे आहे: प्युअर ड्रिंक्स ही भारतात 1950 पासून कोका-कोला भरणारी कंपनी होती. नाव नवे होते. कारखाने, ट्रक आणि दुकानदार जुनेच होते. ड्यूक्सपाशी मँगोलासारखे लाडके पेय आणि मुंबईकरांची माया होती, पण मुंबईबाहेर तितके मोठे जाळे नव्हते.

पार्लेपाशी गोल्ड स्पॉट आणि लिम्का भरणारे बॉटलर देशभर होते. थम्स अप त्याच क्रेटमधून, त्याच ट्रकवरून, त्याच दुकानात उतरले. नाव 'थंब्स अप' व्हायचे होते. ते आपले एकट्याचे राहावे म्हणून मधला 'ब' काढून टाकण्यात आला.

चवीचे काहीच श्रेय नाही का? आहे, पण ती चव कुठून आली तेही पाहायला हवे. थम्स अप कोकपेक्षा तिखट-मसालेदार आणि जास्त फसफसणारे करण्यात आले. पेय अगदी बर्फासारखे गार नसतानाही प्यावेसे वाटले पाहिजे, हा त्यामागचा एक विचार होता. सत्तरच्या दशकातल्या भारतात हातगाडीवाल्याकडे आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत फ्रिज नव्हता. बर्फाची लादी, लाकडाचा भुसा आणि पत्र्याची पेटी एवढेच भांडवल. दुपारी दोनला बर्फ विरघळला की कोमट कोला गोडमिट्ट लागतो. मसाला आणि जोरदार गॅस तो गोडवा झाकतात. म्हणजे ज्या चवीचे आजही गोडवे गायले जातात, ती टपरीवरच्या बर्फाच्या टंचाईने घडवली. हे पेय शेवटी कुठल्या दुकानात, कुठल्या अवस्थेत प्यायले जाणार आहे, याचा विचार मिश्रण ठरवतानाच झाला होता. प्रयोगशाळेतल्या डबल सेव्हनमागे असा विचार होता याची काही खूण दिसत नाही.

गावोगावची ही पोच किती खोल गेली होती, याची एक साक्ष मनमाडजवळ उभी आहे. अंकाई-टंकाईच्या परिसरातला 'हडबीची शेंडी' हा सुळका उंचावलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. रेल्वेने जाणारे प्रवासी त्याला सर्रास 'थम्स अपचा डोंगर' म्हणू लागले, आणि कंपनीनेही या आयत्या जाहिरातीचा फायदा घेतला. मूळ नाव आता गिर्यारोहक आणि आसपासचे गावकरी यांच्यापुरतेच उरले आहे.

कोका-कोलाला हाकलले म्हणून देशी ब्रँड मोठे झाले, असे मानणारे लोक इथे आक्षेप घेतील: स्पर्धक गेलाच नसता तर पार्लेचे जाळे कितीसे टिकले असते? आक्षेप रास्त आहे. बंद दाराने पार्लेला वेळ दिला, यात शंका नाही. पण तोच वेळ डबल सेव्हनलाही मिळाला होता. दार बंद करणे हे धोरण असेल तर त्याची फळे त्यालाच मिळाली, ज्याने दार उघडे असताना घर बांधले होते. आणि त्या सोळा वर्षांत घरात काय झाले, हेही विचारायला हवे. मोठा प्रतिस्पर्धी नसल्याने बॉटलरची यंत्रे जुनी होत गेली आणि बाटलीचा आकार वर्षानुवर्षे तसाच राहिला. पंजाब ॲग्रो आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून पेप्सी 1990 मध्ये 'लेहर पेप्सी' या नावाने बाजारात उतरली, तेव्हा पार्लेने तीनशे मिलिलिटरची मोठी बाटली काढली. लोक तिला 'महाकोला' म्हणत. ती छान खपली. पण एवढी साधी चाल सुचायलाही शेजारी प्रतिस्पर्धी उभा राहावा लागला.

1993 ची विक्री समजून घ्यायची तर पुन्हा बॉटलरपाशीच यावे लागते. त्या वेळी पार्लेकडे बाजाराचा निम्म्याहून मोठा हिस्सा होता. पन्नासहून अधिक कारखाने तिचे पेय भरत होते, पण त्यातले मोजकेच तिच्या मालकीचे होते. बाकीचे स्वतंत्र व्यापारी. त्यांच्या धंद्यात भावनेला जागा कमी. कोका-कोला आणि पेप्सी नवी यंत्रे, नव्या बाटल्या, फ्रिज आणि जाहिरातीसाठी डॉलर घेऊन दारात उभ्या होत्या. बॉटलरने उद्या करार बदलला तर चौहानांच्या हातात अर्क, नाव आणि एक मोठा फलक एवढेच उरले असते. ज्या जाळ्याने पार्लेला मोठे केले, ते तिच्या मालकीचे नव्हते. म्हणून तेच तिचे सर्वांत मोठे मर्मस्थान होते. चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही नावे सुमारे सहा कोटी डॉलरला विकली. 'देशी ब्रँड विकला' म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे. जाळे हाताशी असतानाच विकले तर किंमत येते. ते फुटल्यावर फक्त लेबल विकावे लागते.

कोका-कोलाने ऑक्टोबर 1993 मध्ये आग्र्यातून पुनरागमन केले. पार्लेचे बॉटलर तिला एका सहीत मिळाले, देशभर कारखाने उभारण्याची दहा वर्षे वाचली. गोल्ड स्पॉट मागे पडले, कारण त्याची जागा फँटाला हवी होती. थम्स अपकडेही सुरुवातीला दुर्लक्ष झाले. पण त्याचे गिऱ्हाईक कोककडे न वळता पेप्सीकडे जाईल अशी धास्ती वाटू लागली आणि अमेरिकन कंपनीला आपल्याच मुख्य पेयाशी स्पर्धा करणारा ब्रँड पुन्हा वाढवावा लागला. जाळ्याचे महत्त्व सांगताना नावाची ताकद नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते नाव सोळा वर्षे प्रत्येक टपरीत दिसत राहिले म्हणून एवढे पक्के झाले. आणि नावे हातात आली तरी कोका-कोलाचे भागले नाही. 1997 पासून तिने बॉटलरांचे कारखाने विकत घेऊन हिंदुस्थान कोका-कोला बेव्हरेजेस ही वेगळी कंपनी उभी केली. चौहानांकडे जे नव्हते तेच तिने ताब्यात घेतले.

चौहान कुटुंबाने पुढे जे केले त्यातही हा धडा दिसतो. प्रकाश चौहानांच्या पार्ले ॲग्रोने 1985 साली फ्रुटी आणली, ती कागदी टेट्रा पॅकमध्ये. ना रिकामी बाटली, ना डिपॉझिट, ना परतीची खेप. शाळेच्या डब्याबरोबर जाणारे ते बहुधा पहिले थंड पेय. रमेश चौहानांनी 1993 नंतर बिसलेरीच्या पाण्यावर भर दिला, आणि तिथेही प्लास्टिकची बाटली एकदाच जाते, परत येत नाही. दोघांनीही काचेच्या चक्रातून सुटका करून घेतली. त्या सुटकेची किंमत नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर साचत राहिली, ही याच हिशेबाची दुसरी बाजू. घासून पांढरी झालेली ती जुनी बाटली कचऱ्याच्या दृष्टीने फार शहाणी होती.

आज हेच नाटक पुन्हा चालू आहे. रिलायन्सने 2022 साली कॅम्पा विकत घेतला आणि 2023 मध्ये तो नव्याने आणला. जाहिरातीत देशीपणाचा आणि जुन्या आठवणींचा सूर असला तरी लढाई दहा रुपयांच्या दोनशे मिलिलिटर बाटलीवर आणि दुकानदाराला मिळणाऱ्या जादा कमिशनवर चालली आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कंपनीने दिलेल्या काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या फळीवर कुणाच्या बाटल्या लागतात, यावरून निकाल ठरणार आहे. कॅम्पा टिकला तर तो देशप्रेमामुळे टिकला असे सांगितले जाईल. ते सांगणाऱ्यांना डबल सेव्हनची आठवण करून द्यावी लागेल.

सरकारला आणि ग्राहकालाही 'देशी' कशाला म्हणायचे हे ठरवायचे असेल, तर लेबलाच्या मागची बाजू वाचायला हवी. थम्स अप हे नाव अटलांटाच्या कोका-कोलाच्या मालकीचे आहे आणि 2021 साली त्याची भारतातली वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पण पेप्सीचा भारतातला बहुतांश माल भरणारी आणि वाटणारी वरुण बेव्हरेजेस ही कंपनी भारतीय आहे. 2016 साली ती शेअर बाजारात आली आणि 2024 साली तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या वर होते. तिचे स्वतःचे म्हणावे असे एकही पेय घराघरांत माहीत नाही.